संगमेश्वर तालुक्यात साडेतीन एकर, ठाण्यात नोकरी: दोन्ही जमेल का?

देवरुखी, 29 एप्रिल

नमस्कार मंडळी,

मार्चअखेर संपली, ऑडिटची पहिली फेरी काल आटोपली, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय. प्रश्न मात्र दिवाळीपासून डोक्यात आहे.

मी 39 वर्षांचा. राहायला ठाण्यात, एका खासगी कंपनीच्या अकाउंट्स विभागात. बायको शाळेत शिक्षिका, मुलगी चौथीत. गाव संगमेश्वर तालुक्यात, देवरुखच्या पुढे. तिथे सामायिकात साडेतीन एकर आहे. त्यातले तीसेक गुंठे भाताचे, तेही पाच तुकड्यांत. घराच्या वरच्या अंगाला हापूसची 26 कलमं, आजोबांच्या हातची. बाकी सगळं वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन. एके काळी तिथे नाचणी व्हायची, आता गवत आणि रानमोडी.

आजवर हे सगळं काकांनी एकट्याने ओढलं. त्यांचं वय 71. वडील 2017 साली गेले. निवृत्त झाल्यावर गावी जाऊन राहायचं हा त्यांचा एकच हट्ट होता. निवृत्तीनंतर दोन वर्षं मिळाली, ती दवाखान्यांत गेली.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा काकांनी बियाण्याची मुडी नुकतीच बांधून ठेवली होती, पेंढ्याची, सुंभाने आवळलेली. ती माळ्यावर चढवण्याआधी त्यांनी माझ्यासमोर ओटीवर ठेवली आणि म्हणाले, "येत्या मिरगाला पेरायला मी आहे. त्याच्या पुढच्या वर्षीचं तू सांग." मला काही सांगता आलं नाही. मुडी माळ्यावर गेली आणि मी रात्रीच्या गाडीने ठाण्याला आलो. तेव्हापासून झोप नीट नाही.

माझी बाजू अशी. घराचा हप्ता 41,000, अजून नऊ वर्षं. नोकरी सोडणं शक्य नाही आणि सोडायचीही नाही, काम मला मनापासून आवडतं. सध्या आठवड्यातून दोन दिवस ऑफिस असतं. साहेबांशी बोललो. महिन्यातले चार दिवस सलग ऑफिसला येऊन बाकीचे दिवस गावाहून काम केलं तरी त्यांची हरकत नाही, फक्त क्लोजिंगच्या, म्हणजे हिशोब बंद करायच्या दिवसांत समोर हवा असं म्हणाले.

मनात तीन विचार आहेत. एक, दर दुसऱ्या शनिवारी गावी जायचं आणि गडी ठेवून करायचं. दोन, बिऱ्हाड देवरुखला हलवायचं, म्हणजे बायकोची नोकरी सुटणार. तीन, भात बंद करून सगळीकडे आंबा लावायचा, म्हणजे रोजचं काम कमी होईल.

ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगावं. खर्चाचे खरे आकडे सांगितलेत तर फार उपकार होतील. कराचं आणि हिशोबाचं मला कळतं, शेतीचं मात्र मेच्या सुट्टीत पाहिलं तेवढंच.

भोर-कोथरूड, 29 एप्रिल

देवरुखीदादा, पहिला विचार मी तीन वर्षं करून पाहिला आणि गेल्या वर्षी थांबवला. माझं अंतर तर पुणे ते भोर, जेमतेम दीड तासाचं. तुम्हाला ठाण्याहून सात-आठ तास लागणार.

दीड एकर होतं, विहीर होती, टोमॅटो आणि घेवडा घेत होतो. शेतपंपाची थ्री-फेज वीज आमच्याकडे एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असायची. रात्रपाळी आली की पाणी कोण धरणार? शेतावर कामाला एक कुटुंब ठेवलं होतं. माणूस चांगला होता, पण त्याला घरी म्हातारी आई, गावात लग्नकार्यं. बुधवारी दुपारी फोन यायचा, "दादा, मोटार बंद पडली." मी मीटिंगमध्ये. मेकॅनिक गुरुवारी येणार, रिवाइंडिंग होऊन मोटार शनिवारी चढणार. एप्रिलमध्ये चार दिवस पाणी नाही म्हणजे फुलं गळून खाली. करपा आला तरी तसंच. पानावर डाग दिसल्यापासून दोन दिवसांत फवारणी झाली नाही तर प्लॉट हातचा जातो, आणि मी तो डाग व्हॉट्सअॅपच्या फोटोवर ओळखायचा प्रयत्न करत असे.

तीन वर्षांत साडेतीन लाख गेले. पैशाचं दुःख कमी झालं, पण शेवटच्या वर्षी वाळलेली रोपं स्वतः उपटून बांधाला टाकली ते अजून डोळ्यांसमोर आहे. तुमच्याकडे सांभाळणारे काका आहेत, झाडं आधीपासून उभी आहेत, ही मोठी गोष्ट आहे. कृपा करून भाजीपाल्याच्या वाटेला दुरून जाऊ नका.

काजूबाग, 30 एप्रिल

देवरुखी, तुमची मुडी वाचली आणि काल रात्रीच लिहायला घेतलं. मोठं होणार आहे, सवडीने वाचा.

माझं घर राजापूर तालुक्यात, ओणीहून पाचलला जाणाऱ्या रस्त्यावरून आत. हे माझं सासर. डोंबिवलीत 17 वर्षं काढून जून 2019 मध्ये मी इथे आले. नोकरी तेव्हा होती तीच आहे, विमा क्षेत्रातल्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग. गावाहून काम करण्याची परवानगी मिळवायला आठ महिने लागले होते. यजमान पहिली दोन वर्षं डोंबिवलीतच राहिले. जमीन 2 एकर 10 गुंठे. 18 हापूस सासऱ्यांच्या वेळचे, 12 गुंठे भात, आणि जुलै 2020 मध्ये मी लावलेली काजूची 110 कलमं, वेंगुर्ला 4 आणि वेंगुर्ला 7.

सहा वर्षांत मला जे कळलं ते असं, की पीक ठरवताना आधी आपल्या नोकरीचं कॅलेंडर पुढ्यात घ्यायचं आणि मग जमिनीकडे बघायचं. सगळे उलटं करतात. मीही केलं होतं.

तुमचंच बघा. जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरा, आणि 15 जूनला अॅडव्हान्स टॅक्स. लावणी जुलैत, आणि 31 जुलैला रिटर्नची तारीख. सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट संपवून तुम्ही श्वास घेणार तोवर हळवं भात कापायला आलेलं असणार. आणि आंबा? मार्च, एप्रिल, मे. तुमचा तिसरा विचार, सगळीकडे आंबा लावायचा, हा अकाउंट्सच्या माणसासाठी सर्वांत अवघड आहे. रोजचं काम कमी हे बरोबर, पण जे काम आहे ते नेमकं तुमच्या क्लोजिंगवर येऊन बसतं. चौदा आणे तयार झालेला आंबा दोन दिवसांत उतरावा लागतो. त्याच दिवशी झेले (आंबे काढायच्या जाळीच्या काठ्या) घेऊन माणसं हवीत, पेटी भरायला पेंढा हवा, गाडीत जागा हवी. झाडावर पिकला तर पेटीतला आंबा वाशीला पोचेपर्यंत खराब. त्याआधी पालवीपासून फळ सुपारीएवढं होईपर्यंतच्या फवारण्या, त्या नोव्हेंबरपासून चालू.

काजूचं तसं नाही. म्हणून मी काजू लावला. बी तयार झाली की बोंडासकट आपोआप खाली पडते. चार दिवसांनी वेचली तरी चालते, फक्त अवकाळी पाऊस नको. बोंड पिळून बी वेगळी काढायची, खळ्यात दोन-तीन उन्हं द्यायची, गोणीत भरायची. मग शनिवारी विका नाहीतर महिन्याने विका. माझं रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडायचा दिवस, असला तर बी माझ्यासाठी थांबते.

आकडे मागितलेत, माझ्या वहीतले देते. पहिल्या चार वर्षांत खड्डे, कलमं, गडग्याची (दगडी कुंपणाची) डागडुजी, वर काटेरी तार आणि उन्हाळ्यातलं पाणी धरून 1,60,000 च्या आसपास गेले. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेचं अनुदान मिळालं. ते तीन वर्षांत मिळतं, 50, 30 आणि 20 टक्के, आणि झाडं जगलेली दाखवावी लागतात. 110 पैकी आज 96 उभी आहेत. पाच पहिल्याच उन्हाळ्यात गेली आणि नऊ फेब्रुवारी 2022 च्या वणव्यात. शेजारच्या वरकसात कुणीतरी गवत पेटवलं आणि वारा फिरला. तेव्हापासून दर जानेवारीत बागेच्या वरच्या कडेने दहा फुटांचा पट्टा आधीच साफ करून, आम्ही चौघं उभे राहून, ओल्या डहाळ्या हातात घेऊन जाळून घेतो. हे काम फोनवरून होत नाही.

गेल्या हंगामात 287 किलो बी मिळाली, भाव 128 रुपये. म्हणजे 36,736. खर्च असा: बेणणी (गवत काढणं) 6,500, खत 5,200, ढेकण्या किडीसाठीच्या तीन फवारण्या 5,800, वेचणी 7,000. एकूण 24,500. हातात 12,000 उरले. माझ्या अडीच तासांची मजुरी रोज धरली तर काहीच उरत नाही. झाडं वाढतील तसं उत्पन्न वाढेल, पण तुमचा हप्ता यातून फिटणार नाही. हप्ता नोकरीच फेडणार, आणि नोकरी नीट झाली तरच शेती टिकणार. म्हणून ऑफिसच्या वेळेत मी बागेत पाऊल ठेवत नाही. पहाटे साडेसहा ते नऊ बाग, साडेदहा ते साडेसात काम.

ही शिस्त मला एका पावसाने लावली. ते सांगते.

ऑक्टोबर 2020. आमचं हळवं भात कापून झालं होतं. कडप्या, म्हणजे कापलेल्या भाताचे पुंजके, मळ्यात पसरलेल्या, अजून एक ऊन मिळालं की भारे बांधून खळ्यात आणायचे. त्या दिवशी संध्याकाळी आमचं रिलीज होतं, कॉलवर चाळीसेक माणसं. ऑक्टोबरचा पाऊस आमच्याकडे समुद्राकडून येत नाही, घाटाकडून येतो. चारच्या सुमारास खिडकीतून पाहिलं तर अणुस्कुऱ्याच्या बाजूला आभाळ काळंनिळं झालेलं. कानाला हेडफोन, समोर टेस्ट केसची यादी, आणि मला मळा दिसतोय. चुलत सासूबाई पाणंदीतून धावत आल्या, खिडकीशी थांबून म्हणाल्या, "तू ऱ्हव गो तुझ्या कामात, आमी हाव ना," आणि दोन जणींना घेऊन मळ्यात उतरल्या. मला त्या वाकून कडप्या गोळा करताना दिसत होत्या. मग पावसाने सगळंच दिसेनासं झालं.

रात्री साडेअकराला कॉल संपला. विजेरी घेऊन मळ्यात गेले. दोन भाग त्यांनी वर आणून ताडपत्रीखाली झाकले होते, एक भाग पाण्यात होता. चिखलात उभी राहून मी हाताने कडप्या उचलत होते आणि त्या जड लागत होत्या. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी एक लोंबी माझ्या हातावर ठेवली. दाण्यादाण्याला पांढरा कोंब. पेंढाही काळा पडला. वर्षाचा एक तृतीयांश तांदूळ गेला, पण त्यापेक्षा मला हे लागलं की साठीच्या तीन बाया माझं भात वाचवायला पावसात होत्या आणि मी त्यांच्यात नव्हते.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. हळवं सोडून निमगरवं लावायला लागले, म्हणजे कापणी ऑक्टोबरच्या शेवटी, पाऊस जवळपास संपल्यावर येते. आणि कापणीची सहा दिवसांची रजा मी जूनमध्येच मागून ठेवते. लोक दिवाळीच्या सुट्टीला जशी आधी रजा टाकतात, तशी मी कापणीला टाकते. सुरुवातीला साहेबांना समजावून सांगावं लागलं, आता टीममधले सगळे सप्टेंबरपासूनच विचारतात, भात कसं आहे.

हापूसचं मी वेगळं केलं. 18 कलमं दरवर्षी एका हंगामाच्या कराराने देते, घरासाठी दोन झाडं ठेवून. 2021 साली 32,000 ला दिली होती, अर्धे आधी घेतले होते. मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं आणि आमच्या भागातला आंबा, जो किनाऱ्यापेक्षा उशिरा तयार होतो, झाडाखाली सडा होऊन पडला. कराराप्रमाणे नुकसान करार घेणाऱ्याचं होतं. तो बाकीचे पैसे द्यायला आला तेव्हा मी 10,000 कमी घेतले. घरात त्यावरून बोलणं झालं, पण दर फेब्रुवारीत तो माणूस स्वतःच्या पंपाने माझ्या काजूला एक फवारणी करून देतो. गावात हिशोब असाही चालतो.

त्याच वादळात आमच्या वाडीत पाच दिवस वीज नव्हती. लॅपटॉप घेऊन मी रत्नागिरीला नणंदेकडे राहिले. फायबर आहे, इन्व्हर्टर आहे, दुसऱ्या कंपनीचं सिमही आहे, तरी वैशाखात आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की आधी राउटरची वायर भिंतीतून काढायची. दोन राउटर जळल्यावर ही सवय लागली.

ताईंची नोकरी इतक्यात सोडू नका. आणि मुलीशी बोला, तिला काय वाटतं ते विचारा. माझा मुलगा तेव्हा सातवीत होता. त्याला न विचारता आणला, तो सहा महिने माझ्याशी धड बोलला नाही. आता त्याला ओणीचे मित्र सोडवत नाहीत, पण ते सहा महिने मी विसरलेले नाही.

मळेवाडी, 1 मे

मी लांजा तालुक्यातला, पूर्ण वेळ शेती. वरचं सगळं वाचलं. दुसऱ्या बाजूचं थोडं सांगतो, राग मानू नये.

आमच्या वाडीत लावणीला अजून सावड चालते. आज तुमच्या मळ्यात, उद्या माझ्या. दोन घरं मुंबईहून परत आली, चांगली माणसं, पण त्यांना वेळ नाही म्हणून त्यांनी गड्याला 700 रुपये आणि जेवण द्यायला सुरुवात केली. आमच्याकडे तेव्हा 500 होते. पगारातून देणाऱ्याला 200 चा फरक जाणवत नाही. मी तांदूळ विकून देतो. त्या वर्षी लावणीच्या आठवड्यात मला तीन दिवस माणूस मिळाला नाही आणि तरवा (लावणीची रोपं) म्हातारा झाला. त्याला फुटवे कमी आले ते वर्षभर दिसलं.

म्हणून सांगतो, आल्यावर पहिल्या वर्षी वाडीत जो दर असेल तोच द्या. आणि सावडीत दोन दिवस तरी स्वतः उतरा. चिखलात पाठ मोडते, मान्य आहे. पण तुम्ही एक दिवस कुणाच्या मळ्यात वाकलात की तुमची मोकाट गुरांनी तुडवलेली वई (कुंपण) शेजारी न सांगता उभी करतो.

दुसरं, तुमच्या काकांचं. 26 झाडं आणि पाच मळे एवढी वर्षं त्यांनी राखले. आता तुम्ही येणार आणि "काका, एवढं बघा हं, मी चार दिवसांनी येतो" म्हणणार, तर ते राखणदार झाले. वर्षाच्या उत्पन्नात त्यांचा वाटा किती ते आधी बोला. ते नको म्हणतील. तरी बोला.

तीस गुंठे तुम्हाला पहिल्या वर्षी झेपणार नाहीत. घराजवळचे दोन तुकडे ठेवा, बाकी शेजाऱ्याला अर्धेलीने द्या. ओसाड टाकू नका. मधला एक मळा पडीक राहिला की डुक्कर तिथे राहायला येतो आणि दोन्ही बाजूच्या भाताची नासाडी करतो. त्याचा त्रास तुम्हाला ठाण्यात होणार नाही, आम्हाला होतो.

देवरुखी, 3 मे

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. काजूबाग ताई, तुमचा पाऊस बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. तिचं म्हणणं पडलं, आपल्याकडे कापणीला कोण धावत येईल? उत्तर नव्हतं.

मळेवाडी दादा, राग कसला. काकांना काल फोन करून वाट्याचं विचारलं. तुम्ही म्हणालात तसंच झालं, "मला काय करायचेत पैसे" म्हणाले. पण नंतर दहा मिनिटं बोलत होते. विहिरीचा गाळ, वरच्या गडग्याला पडलेलं भगदाड, कुठल्या कलमाला यंदा मोहोर आलाच नाही. एवढं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

कॅलेंडर खरंच कागदावर काढलं. जूनचा पहिला आठवडा, जुलैचा पहिला पंधरवडा, ऑक्टोबरअखेर आणि जानेवारीतले चार दिवस एवढं मला गावी काढता येईल. क्लोजिंगला हात न लावता. आंब्याचा विचार सोडला, आहेत ती 26 कलमं कराराने. वरकसात काजू, पण पुढच्या वर्षी. बिऱ्हाड हलवायचं नाही, सध्या मी एकटा जाऊन येऊन.

दोन शंका. सातबाऱ्यावर काका, माझं आणि आईचं नाव, दोन आत्या आणि एका वारलेल्या आत्याची मुलं अशी नऊ नावं आहेत. आधी वाटप करावं का? आणि मुडीतलं बियाणं गेल्या ऑक्टोबरचं आहे, काका म्हणतात चांगलं आहे. मी मात्र त्यांना विकतचं आणू का विचारून बसलो. ते गप्प झाले.

काजूबाग, 3 मे

वाटप होईल तेव्हा होईल, पण त्यासाठी शेती थांबवू नका. काजूसाठी अनुदान घ्यायचं असेल तर सामायिक खात्यात बाकीच्यांची संमतीपत्रं लागतात. ती मागायला आत्यांकडे स्वतः जा, फोनवर मागू नका. त्यांचाही त्या जमिनीवर तुमच्याइतकाच हक्क आहे, आणि बहुतेक जणींना कुणी इतक्या वर्षांत त्याबद्दल नीट विचारलेलंही नसतं. माझ्या नणंदांनी सही करताना एवढंच मागितलं की मे महिन्यात मुलांना घेऊन येऊ तेव्हा घर उघडं असावं. तेवढं मी पाळते.

लावलेल्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीत स्वतः करा. ती शेतात उभं राहून मोबाइलवरून करावी लागते, ठाण्याहून होत नाही. कराराने दिलेल्या आंब्याच्या फळपीक विम्याची तारीख आमच्याकडे नोव्हेंबरअखेर असते. ती कुणी भरायची ते करारातच लिहा.

आता बियाण्याचं. विकतचं आणू नका, काकांचंच पेरा. पण तुमच्या आणि त्यांच्या दोघांच्या समाधानासाठी तपासून घ्या, त्यात त्यांचा अपमान नाही. मुडी सोडली की मधून आणि कडेने मिळून 100 दाणे मोजून घ्यायचे. ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. आठवड्याने उघडून कोंब मोजायचे. 80 च्या वर आले तर निर्धास्त पेरा. कमी आले तर बी थोडं जास्त टाका. पेरणीच्या आदल्या दिवशी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतायचं. तरंगतं ते पोल, काढून टाकायचं. तळाशी बसलेलं दोन वेळा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचं. हे काकांना माहीत असेलच. त्यांनाच विचारत विचारत करा.

मळेवाडी, 4 मे

आणि पेऱ्याच्या दिवशी ठाण्याहून रात्रीच्या गाडीने येऊन लगेच मळ्यात उतरू नका. आदल्या दिवशी या. राबाची (रोपं वाढवायच्या वाफ्याची) जागा काकांबरोबर फिरून बघा.

देवरुखी, 19 मे

कळवायचं राहिलं होतं. गेल्या शनिवारी गावी आलो, आज सकाळी गोणपाट उघडलं. मुलगीही आलीय, मोजणी तिनेच केली, पाटीवर पाच-पाचच्या रेघा मारून. 100 पैकी 91. काकांनी दोनदा मोजायला लावलं. आता मुडी परत बांधायला बसलेत, आणि सुंभ आवळताना एक टोक मला धरायला दिलंय, म्हणून एका हाताने एवढंच लिहितो.